अळणी भात आणि खरा ख्रिस्ती

वसई-उत्तन पट्ट्यात अलीकडे एक प्रश्न कानावर येतो : ‘तुमचं तारण झालंय का?’ तारण म्हणजे पापातून सुटका. विचारणारा बहुधा एखाद्या प्रार्थनागटातला, कधी घरातलाच धाकटा भाऊ. तान्हेपणी बाप्तिस्मा झाला, पहिलं कम्युनियन झालं, दृढीकरण झालं, एवढ्याने त्याचं समाधान होत नाही. जाणत्या वयात, पाण्यात बुडून घेतलेला बाप्तिस्माच तो खरा धरतो. कॅथलिक शिकवणुकीत बाप्तिस्मा एकदाच, दुसऱ्यांदा नाही. गट नवे असतील. पण कोण खरा ख्रिस्ती, ही तपासणी इथे पोर्तुगीज काळापासून चालू आहे.

वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे ख्रिस्ती झालेल्यांची श्रद्धा तपासणारं धर्मन्यायालय, बसलं. पोर्तुगालमध्ये ‘नवे ख्रिस्ती’ म्हणजे मुख्यतः ज्यू वंशाचे धर्मांतरित, आणि सुरुवातीचा रोख त्यांच्यावरच होता. पुढे संशयाची सुई इथल्या बाटलेल्या घरांकडे वळली.

तिचं टोक दिसतं इन्क्विझिशनच्या १७३६ च्या जाहीरनाम्यात. अंगणात तुळस लावू नये. एकादशी धरू नये. लग्नात वधूवरांना हळद-तेल लावू नये, विडे-फुलं वाटू नयेत. पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये. भातसुद्धा अळणी शिजवायचा नाही! मीठ घातलं की ख्रिस्ती, नाही घातलं की संशयित.

या जाहीरनाम्यावर अजून दोन तट आहेत. एक म्हणतो, जुन्या देवांकडे परत वळणाऱ्यांना आवरायचं होतं, आणि तुळस-एकादशीचा पूजेशी संबंध होताच. दुसरा म्हणतो, लोकांची ओळखच पुसायची होती. मला खरा गुंता एका शब्दात दिसतो : ‘जेंतियू’. पोर्तुगीजांनी हिंदूंसाठी वापरलेला हा शब्द. हे करू नका, कारण जेंतियू तसं करतात, असा कलमांचा सूर आहे. तुळशीपुढे हात जोडणं आणि भातात मीठ न घालणं त्यामुळे एकाच तागडीत आलं. मनात काय आहे, हे कोणी विचारलंच नाही. शेजाऱ्यासारखं दिसणं हाच पुरावा झाला. दोन्ही तट याच्याकडे फारसं पाहत नाहीत.

उत्तर कोकणात या फर्मानाला जेमतेम तीन वर्षं मिळाली. १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी घेतली. गोऱ्या पाद्र्यांची सत्ता ओसरली, पुढे धर्मकार्य बरंचसं गोवेकर पाद्र्यांनी सांभाळलं. लुगडं राहिलं, हळद राहिली, लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवरून आणायचं उंबराचं पाणीही राहिलं. गोव्यातलं इन्क्विझिशन मधल्या काही वर्षांचा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं.

दक्षिणेला बाणकोट-हर्णै भागात १८२३ पासून स्कॉटिश मिशनरी आले. त्यांची रीत निराळी. बाप्तिस्मा मागणाऱ्याला आधी शिकवायचं, वागणूक पारखायची, पोटासाठी आलाय की मनापासून हे बघायचं. बाप्तिस्मे त्यामुळे मोजकेच. घरचे वाटा नाकारतील ही भीतीही होतीच; धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असा कायदा १८५० मध्ये आला.

कॅथलिकांकडे मोठा फरक पडला तो १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनंतर. लॅटिन मागे पडली, मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत आली, समई वेदीजवळ आली, भजनाला टाळ-तबला चालू लागला. १९९८ मध्ये वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला. आता हळदीला वेदीवरून कोणी हरकत घेत नाही; संस्कृती म्हणून तिचं कौतुकच होतं.

हरकत घेतात ते काही नव्या गटातले. पुतणीच्या लग्नाला येतात, जेवतात, पण उंबराच्या पाण्याला विहिरीपर्यंत जात नाहीत. का, विचारलं तर म्हणतात, ‘ते आपल्यातलं नाही.’