दुधातलं पोटॅशियम-40 आणि आयोडीन-131

दूध किरणोत्सारी असतं का? असतं. तारापूरच्या अणुवीज केंद्राजवळच्या गोठ्यातलंही आणि कोल्हापूरच्या गोठ्यातलंही. लिटरभर दुधात साधारण दीड ग्रॅम पोटॅशियम असतं आणि त्यातलं 0.0117 टक्के पोटॅशियम-40, म्हणजे पोटॅशियमचं किरणोत्सारी रूप असतं. पृथ्वी तयार झाली तेव्हापासून ते मातीत आहे, तिथून चाऱ्यात, चाऱ्यातून दुधात. लिटरमागे सुमारे 45 बेकरेल, म्हणजे दर सेकंदाला 45 अणू फुटतात.

आयोडीन-131, म्हणजे आयोडीनचं एक किरणोत्सारी रूप, मात्र मातीतलं नव्हे. अणुभट्टीत युरेनियम फुटताना ते तयार होतं. अपघातात बाहेर पडलं की वाऱ्याबरोबर जाऊन गवतावर बसतं. गाय दिवसभरात केवढं तरी रान चरते आणि त्या सगळ्या रानावरचं आयोडीन तिच्या पोटात जाऊन त्यातलं काही दुधात उतरतं. दोन-तीन दिवसांत दुधातलं प्रमाण शिगेला पोचतं. अणुकेंद्राभोवती दूध तपासतात ते यासाठीच.

म्हणून ‘दुधात 50 बेकरेल सापडले’ एवढंच कुणी सांगितलं तर माझ्या मते काहीच सांगितलं नाही. कशाचे बेकरेल, ते आधी विचारायला हवं. पोटॅशियम अंगभर पसरतं आणि शरीर त्याचा साठा ठरावीकच ठेवतं. जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. दूध जास्त प्यायलं म्हणून अंगातलं पोटॅशियम-40 वाढत नाही. आयोडीन थेट गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं. तान्ह्या बाळाची ही ग्रंथी जेमतेम दोनेक ग्रॅमची असते. एवढ्याशा मांसात सगळा मारा होतो, आणि पोटात जातं ते बहुतेक दूधच.

इंग्लंडमध्ये विंडस्केलच्या अणुभट्टीला 10 ऑक्टोबर 1957 रोजी आग लागल्याचं लक्षात आलं. तेव्हा लिटरला 0.1 मायक्रोक्युरी, म्हणजे 3,700 बेकरेल आयोडीन, ही मर्यादा घाईघाईनं ठरवली गेली आणि सुमारे 500 चौरस किलोमीटरमधलं दूध ओतून टाकलं. हातचं दूध असं ओतताना शेतकऱ्यांचा जीव तुटला असणार, पण निर्णय योग्य होता. 1986मध्ये चेर्नोबिल अणुकेंद्राच्या अपघातानंतर अनेक गावांत मुलं दूषित दूध पीत राहिली. पुढच्या काळात थायरॉइडच्या कर्करोगाचे हजारो रुग्ण आढळले, त्यांतले बरेचसे त्या दुधामुळे.

घरातल्या पेल्याशी गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारं साधं यंत्र, धरून या दोघांतला फरक कळत नाही. प्रयोगशाळेत लिटरभर दूध एका खास भांड्यात घेतात. भांड्याच्या बुडाला मधोमध खोलगट जागा असते, तिच्यात जर्मेनियमचा डिटेक्टर बसतो. सभोवती शिशाची जाड भिंत. काही तासांनी पडद्यावर किरणांच्या ऊर्जेनुसार सुळके उभे राहतात. पोटॅशियमचा सुळका 1,461 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर (हे ऊर्जेचं एकक), आयोडीनचा 364वर. पहिला रोजच दिसतो आणि दिसायलाच हवा. तो नसेल तर आधी यंत्र तपासावं. दुसरा दिसला, तर मात्र त्याच दिवशी त्या गोठ्यावर जायला हवं.

दोघांच्या आयुष्यातही जमीन-अस्मानाचा फरक आहे. आयोडीन-131 दर आठ दिवसांनी निम्मं होतं. दूषित दुधाची पावडर करून ऐंशी दिवस डब्यात ठेवली, तर त्यातलं हजारातला एक भाग उरतं. शेजारचं पोटॅशियम-40 त्या डब्यात होतं तेवढंच असतं. त्याला निम्मं व्हायला सव्वाशे कोटी वर्षं लागतात.