कात्री, कातणं आणि अंगठ्याचं मूळ

पंचवटीतली माझी मावशी तीसेक वर्षं ब्लाऊज शिवतेय, फावल्या वेळात जुन्या साड्यांच्या गोधड्या. गेल्या दिवाळीच्या घाईत तिचा उजवा अंगठा इतका दुखावला, की बरणीचं झाकणही उघडेना. "शिवताना नाही गं दुखत, बेतताना दुखतं," ती म्हणाली.

तिचं निदान बरोबर होतं. कात्री मिटायला जोर लागतो हे सगळ्यांना कळतं, पण दर चाव्यानंतर ती उघडायचं कामही अंगठ्याकडेच असतं. एका चाव्यात ५ सेंटीमीटर कापड धरलं, तर ५ मीटर साडी उभी चिरायला शंभर वेळा उघडझाप! त्यात अंगठा म्हणजे तोट्यातली तरफ. टोक सांध्यापासून लांब, तर ओढणारे स्नायुबंध हाडाला चिकटून. त्यामुळे चिमटीत १ किलोचा जोर दिला, तर मनगटाजवळच्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा भार येतो. द्राक्षबागेत विरळणीची कात्री दिवसभर चालवणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून मी मावशीला कात्रीऐवजी कापडाचा गोल पात्याचा कटर दिला. जपानच्या ओल्फा कंपनीने तो १९७९मध्ये आणला. करंजीची कड कापायचं कातणं आठवा, तसाच, फक्त पातं वस्तऱ्याइतकं धारदार. खाली खास मॅट आणि कडेला जाड पट्टी हवीच. फरशीवर चालवला तर धार गेलीच म्हणून समजा. इथे जोर बोटांचा नसतो. खांदा आणि दंडाचं वजन पात्यावर येतं, हाताने ते नुसतं ढकलायचं.

पाती १८, २८, ४५ आणि ६० मिलिमीटरची मिळतात. मोठं चाक थरांवर सहज चढतं. बैलगाडीचं चाक ज्या खड्ड्यातून निघतं त्यात स्कूटर आपटते, तसंच हे. गोधडीचे चार-सहा थर असतील तर ६०चं घ्या. मात्र मुंढा (बाही जोडायची गोलाई) आणि गळा वळवताना ते आडवं येतं. तिथे २८चं, नाहीतर सरळ कात्री.

मुठीचा प्रश्न जास्त नाजूक. बारीक दांडा धरायला बोटं घट्ट आवळावी लागतात. साधारण ३ ते ४ सेंटीमीटर जाडीची, रबरी मूठ बरी. मूठ दाबली की पातं बाहेर आणि सोडली की आत, असे कटर 'हाताला आरामदायी' म्हणून विकले जातात. सुरक्षित आहेत, कबूल. पण बोटांचे पेर सुजलेले असतील, तर सतत दाबून धरणं ही नवीच शिक्षा. अशांनी पातं बाहेर अडकवून ठेवता येणारा घ्यावा. उलट मावशीसारखा अंगठाच दुखत असेल, तर अंगठ्याने सरकवायचं कडक बटण नको. दुकानात चार-पाच वेळा उघडझाप करून बघावी, दुकानदार वैतागला तरी.

आणखी एक गंमत करून बघा. मनगट पूर्ण खाली वाकवून मूठ आवळा. जोरच लागत नाही. मनगट किंचित मागे असताना पकड सर्वात भक्कम असते. जमिनीवर बसून बेतताना नेमकं उलटं होतं. म्हणून मावशी आता दुपारी जेवणं उरकली की ओट्यावर मॅट पसरते आणि उभ्यानेच कापते. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊ लागली, तर मात्र कटर बदलून भागणार नाही. मनगटात नस दबत असू शकते, डॉक्टरांना दाखवावं.

परवा तिचा फोन आला. "तुझा कटर बिघडला बघ. मध्ये मध्ये धागे तसेच राहतात, दाबून दाबून हात भरून आला."

"किती अंतरावर राहतात? टेप लाव."

"चौदा सेंटीमीटर. परत चौदा. अगं, सगळीकडे चौदाच!"

तिचा कटर ४५चा, म्हणजे पात्याचा एक फेरा १४ सेंटीमीटरचा. पातं कधीतरी टाचणीवरून गेलं असणार. भिंगातून पाहिलं तर धारेला केसाएवढी खाच होती. तिने पातं बदललं.