पानांचा न दिसणारा रंग

पान आपल्याला हिरवं दिसतं खरं, पण त्याचा सगळ्यात मोठा झगमगाट डोळ्यांना दिसतच नाही. हरितद्रव्य लाल प्रकाश गिळून टाकतं, तर पानाच्या आतली स्पंजासारखी रचना दृश्य प्रकाशाला लागून असलेले अवरक्त किरण जवळपास निम्मे परत फेकते. उपग्रह हाच फरक टिपतो. अवरक्तातून लाल वजा करायचा, दोन्हींच्या बेरजेने भागायचं, की झाला ‘एनडीव्हीआय’ हा हिरवाईचा निर्देशांक. दाट झाडोऱ्याने ५ टक्के लाल आणि ४५ टक्के अवरक्त परतवला, तर उत्तर ०.८. उघड्या मातीसाठी २० आणि २५ धरले, तर जेमतेम ०.११.

गणित शाळकरी आहे. अवघड आहे ती वर्षानुवर्षांची तुलना. जमिनीची चित्रं टिपणारा पहिला लँडसॅट उपग्रह १९७२ साली उडाला आणि ती मालिका अजून सुरू आहे. पण २००८ मध्ये जुना साठा मोफत खुला होईपर्यंत प्रत्येक चित्रासाठी पैसे मोजावे लागत, म्हणून अभ्यासक बरेचदा दोन-चार चित्रांवर भागवत. त्यातलं एक पावसानंतरचं आणि दुसरं ऐन उन्हाळ्यातलं निघालं, तर जंगल न तुटताही तुटल्यासारखं दिसायचं! आता एकाच जागेची शेकडो चित्रं ओळीने लावता येतात. ऋतूंचा चढउतार बाजूला काढला की उरतो तो खरा कल.

तोही डोळे झाकून मानू नये. काही जुन्या हवामान उपग्रहांची कक्षा हळूहळू सरकली आणि त्यांची दुपारची फेरी उशिरा होऊ लागली. सूर्य कललेला, सावल्या लांबलेल्या. जमिनीवर पानही हललं नाही, तरी आकडा बदलला. १९९१ साली पिनाटुबो ज्वालामुखीने उधळलेल्या कणांनीही असाच घोळ घातला.

आणि हिरवाई म्हणजे जंगल नव्हे. २०१९ च्या एका गाजलेल्या अभ्यासात २००० सालापासून जगाचं पर्णक्षेत्र सुमारे ५ टक्क्यांनी वाढल्याचं आढळलं. त्यातला एक तृतीयांश वाटा चीन आणि भारताचा. बातम्यांचे मथळे इथेच थांबले. भारतातली वाढ मात्र बहुतांश शेतातली होती, म्हणजे सिंचन, खतं आणि वर्षाला एकाहून जास्त पिकं. उपग्रह प्रकाश मोजतो. तो उसाचा की सागाचा, हे निर्देशांकाला कळत नाही. शिवाय घनदाट रानात हा आकडा एका मर्यादेपलीकडे चढतच नाही, त्यामुळे तिथली विरळाई सुरुवातीला निसटते. म्हणून हल्ली लेझर सोडून झाडांची उंचीही मोजली जाते: २०१८ च्या अखेरीस अंतराळ स्थानकाकडे निघालेलं ‘जेडी’ हे उपकरण त्यासाठीच आहे.