पाठीवरच्या स्टोव्हची पार्श्वभूमी: रॉकेल, गॅस आणि स्पिरिट

लांब पल्ल्याच्या ट्रेकसाठी स्टोव्ह घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न वजनाचा निघतो. पण स्टोव्ह बदलत आले ते इंधनापायी. वाटेत काय विकत मिळतं आणि थंडीत काय पेटतं, निवड त्यावर ठरत आली.

सुरुवात रॉकेलची. १८९२ मध्ये स्टॉकहोमच्या फ्रान्स लिंडक्विस्टने बिनवातीचा प्रायमस आणला. टाकीत पंपाने हवा भरायची, दाबामुळे रॉकेल वर चढतं, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि ती काजळी न धरता निळी जळते. आधी स्पिरिटचा काकडा, भोक बुजलं की पिन. मराठी घरांतून दोन-तीन पिढ्यांनी हे केलंय, त्यांना जास्त सांगायला नको. हाच स्टोव्ह १८९५ मध्ये नॉर्वेच्या ध्रुवशोधक नान्सेन आणि योहान्सेन यांच्याबरोबर उत्तर ध्रुवाच्या दिशेने गेला आणि १९११ मध्ये अमुंडसेनबरोबर दक्षिण ध्रुवावर. १९५३ मध्ये एव्हरेस्टच्या शेवटच्या मुक्कामी हिलरीचे बूट रात्रीत गोठून कडक झाले. ते स्टोव्हवर धरून मऊ केले, तेव्हा कुठे तो आणि तेनझिंग निघाले.

उंचावर प्यायचं पाणीही बर्फ वितळवूनच मिळतं. गिर्यारोहकांच्या आजारपणामागे पाण्याची कमतरता मोठं कारण आहे, असं सिएटलच्या लॅरी पेनबर्थीचं मत होतं. त्याने १९७३ मध्ये असा स्टोव्ह काढला की इंधनाची बाटली हीच टाकी. वेगळी टाकी गेली, बर्फ झपाट्याने वितळू लागला. आवाज मात्र कान किटवणारा.

गॅसने पंप आणि काकडा दोन्ही संपवले. जुन्या फ्रेंच डब्यांना स्टोव्ह भोक पाडून बसवावा लागे, आणि गॅस संपेपर्यंत तो काढता येत नसे. पुढे आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह आला, मग स्टोव्ह काढून डब्यापासून वेगळा ठेवता येऊ लागला. थंडीचा प्रश्न उरलाच. साधा ब्यूटेन शून्याच्या आसपास वाफ व्हायचंच सोडतो, म्हणून त्यात आयसोब्यूटेन (उणे १२ अंशांपर्यंत वाफ होतो) आणि प्रोपेन (उणे ४२ पर्यंत) मिसळतात. आज २५ ग्रॅमचा टायटॅनियम स्टोव्ह मिळतो. पण २३० ग्रॅम गॅसच्या रिकाम्या डब्याचं वजनच १५० ग्रॅमच्या आसपास भरतं, हे दुकानदार सहसा बोलत नाही.

सर्वात मजेशीर वळण अमेरिकेतलं. पूर्वेकडची अपालाचियन ट्रेल ही पायवाट सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची, पश्चिमेकडची, कॅलिफोर्नियातून जाणारी पॅसिफिक क्रेस्ट त्याहून लांब. शिधा दर चार-सहा दिवसांनी कुठल्याशा छोट्या गावात घ्यायचा. तिथे गॅसचा डबा मिळेलच असं नाही, पण पेट्रोलपंपावर 'हीट' नावाची पिवळी बाटली हमखास: गाडीच्या इंधननळीत पाणी गोठू नये म्हणून ओतायचं मिथेनॉल, म्हणजे एक प्रकारचं स्पिरिट. लोकांनी कोल्ड्रिंकच्या दोन रिकाम्या कॅनचे बूड कापून एकमेकांत बसवले, कडेला टाचणीने भोकं पाडली. झाला स्टोव्ह. ना व्हॉल्व्ह, ना वायसर, बिघडायला काही नाहीच. अर्धा लिटर पाण्याला २०-२५ मिली स्पिरिट पुरतं. उष्णता रॉकेलच्या निम्म्याहून कमी, शिवाय मिथेनॉल विषारी. तरी वाटेवर मिळतं म्हणून ते चाललं.

मग कॅलिफोर्नियातल्या वणव्यांनी गणित फिरवलं. कडक उन्हाळ्यात आगबंदी लागली की झटकन बंद करता न येणारा स्टोव्ह बहुतेक ठिकाणी चालत नाही. आणि स्पिरिट सांडलं तर त्याची ज्योत दिवसा दिसतसुद्धा नाही. त्यामुळे पॅसिफिक क्रेस्टवर जाणारे बरेचजण पुन्हा गॅसकडे वळले.

आपल्याकडून हिमालयात जाणाऱ्यांची अडचण घराच्या दारातच सुरू होते. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, रेल्वेतही ज्वलनशील सामानाला बंदी आहे. स्टोव्ह पुण्या-मुंबईहून न्यावा, डबा मनालीत किंवा लेहला पोचल्यावर घ्यावा. आणि डब्याचा आटा स्टोव्हला बसतो का, ते तिथेच दुकानात फिरवून बघावं.