‘ट्रिशियाज वेडिंग’मागची मंडळी आणि तिकिटाचा वाद

12 जून 1971 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची मुलगी ट्रिशिया हिचं लग्न व्हाइट हाउसच्या रोझ गार्डनमध्ये लागलं. त्याच दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत या लग्नाची टर उडवणारा जेमतेम अर्ध्या तासाचा चित्रपट पडद्यावर आला. तो केला होता कॉकेट्स या ड्रॅग, म्हणजे भडक बायकी वेशभूषेत खेळ करणाऱ्या, नाटक मंडळींनी. पाहुण्यांच्या पेयात एलएसडी हे भ्रम निर्माण करणारं अमली द्रव्य मिसळलं जातं आणि सोहळ्याचा बोजवारा उडतो, एवढंच कथानक. पण एलएसडी मिसळणारं पात्र नेमकं निवडलंय. 1968 मध्ये व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलेली एक कृष्णवर्णीय गायिका व्हिएतनाम युद्धाविरुद्ध तोंडावर बोलली होती आणि त्यानंतर अमेरिकेत तिची कामं आटली होती. चित्रपटाने तिलाच हे पात्र करून पुन्हा त्याच घरात नेलं. पुढे निक्सन यांच्याच माणसांनी हा चित्रपट गुपचूप पाहिला, असं त्यांच्यातल्या एका वकिलाने आठवणींत लिहिलं आहे.

कॉकेट्स मंडळींचा पहिला खेळ 1969 च्या 31 डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोतल्या नॉर्थ बीचच्या पॅलेस थिएटरात झाला. एरवी तिथे चिनी चित्रपट लागत, यांचे खेळ मध्यरात्री. दाढीला चमकी लावलेले पुरुष आणि त्यांच्या बरोबरीने बायका, असा सगळा ताफा.

फाटाफूट झाली ती तिकिटावरून. मंडळींचा संस्थापक ज्या कम्यूनमध्ये, म्हणजे सामायिक घरात, राहत होता, तिथे अन्नापासून छापील पत्रकापर्यंत सगळं फुकट वाटायची रीत होती. नाटकही फुकटच दाखवायचं, असं त्याचं म्हणणं. बाकीच्यांपैकी अनेक जण सरकारी मदतीवर दिवस काढत होते. थिएटर तुडुंब भरतंय, मग चार पैसे आपल्याला का नकोत, हा त्यांचा सवाल. तो रास्तच होता. तरीही संस्थापकाला नुसतं हट्टी ठरवणं अन्यायाचं आहे. तिकीट आलं की प्रेक्षक पैसे वसूल करायला बसतो, आणि तालमीशिवाय रंगणारा हा गोंधळ त्या हिशोबात टिकणारा नव्हता. 1971 मध्येच संस्थापक बाहेर पडला आणि ‘एंजल्स ऑफ लाइट’ नावाने विनामूल्य खेळ करू लागला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात उरलेली मंडळी न्यूयॉर्कला गेली. पहिल्याच रात्री नामवंत प्रेक्षक मध्येच उठून गेले. 1972 मध्ये कॉकेट्स थांबले. संस्थापक 1982 मध्ये एड्सने गेला. पुढच्या वर्षांत आणखीही साथीदार त्याच आजाराने गेले. 2002 च्या माहितीपटात हयात असलेल्यांनी हा सगळा काळ सांगितला आहे, तिकिटाच्या भांडणासकट.