यूव्ही रेझिन की एपॉक्सी: बोनफिशच्या फ्लायवरचा तो चकचकीत थेंब

बोनफिश या समुद्री माशासाठी बांधलेल्या दोन फ्लाय, म्हणजे गळावर दोरा वगैरे बांधून केलेली नकली आमिषं, शेजारी ठेवा. एकीच्या डोक्यावर यूव्ही (अतिनील प्रकाशाने धरणारं) रेझिन, दुसरीच्या डोक्यावर एपॉक्सी. नुसत्या नजरेला फरक सांगता येत नाही. दोन्ही थेंब पारदर्शक, दोन्ही टणक. त्यामुळे मुंबईत हा छंद नव्याने लागलेली मंडळी दोन्हींना सरसकट ‘रेझिन’ म्हणतात आणि दुकानात जे मिळेल ते घेऊन येतात. मग फ्लायचे धातूचे डोळे गळाच्या दांडीवर फिरू लागले किंवा डोकं चिकट राहिलं, की वाटतं आपल्यालाच बांधता येत नाही. बहुतेक वेळा बांधणी चांगलीच असते, गोंद चुकीच्या जागी पडलेला असतो. हे दोन गोंद घट्ट होतात ते अगदी वेगळ्या कारणांनी, आणि फ्लायवर कोणाची जागा कुठे हे त्यावरूनच ठरतं.

एपॉक्सी आपल्या ओळखीचं आहे. अराल्डाइटच्या दोन ट्यूब कुठल्या ना कुठल्या खणात असतातच. (भारतीय उपखंडातला अराल्डाइटचा व्यवसाय २०२० मध्ये पिडिलाइटने घेतला, त्यामुळे फेविकॉल, फेविक्विक आणि अराल्डाइट आता एकाच घरात नांदतात.) एका ट्यूबमध्ये रेझिन, दुसरीत हार्डनर. दोन्ही एकत्र घोटले की क्रिया सुरू होते आणि मग ती कुणासाठी थांबत नाही. दिवा लावा, अंधार करा, मिश्रण जिथे पोचलं तिथे ते घट्ट होणार. अट एकच, प्रमाण बरोबर हवं आणि घोटणं मनापासून हवं. हार्डनर जास्त घातला म्हणून काम लवकर उरकत नाही, उलट थेंब कायमचा मऊ राहू शकतो.

यूव्ही रेझिन एकाच बाटलीत येतं. त्यात अ‍ॅक्रिलेट जातीचे रेणू असतात आणि सोबत थोडंसं फोटोइनिशिएटर. साधारण ३६५ ते ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश पडला की हे फोटोइनिशिएटर फुटतं, रेणूंची साखळी जुळायला लागते आणि काही सेकंदांत थेंब कडक होतो. प्रकाश पोचला नाही तर मात्र काहीच होत नाही. आज नाही, उद्या नाही, महिन्याने नाही. एपॉक्सीला उजेडाशी देणंघेणं नाही, यूव्हीला उजेडाशिवाय गती नाही. हा फरक सगळ्यात महागात पडतो तो डोळ्यांपाशी.

बोनफिश हा उथळ, नितळ पाण्यातला मासा. मुंबईच्या गढूळ किनाऱ्यावर त्याची आशा धरू नये. त्याच्यासाठी बहामा, फ्लोरिडा कीज किंवा आपल्याला त्यातल्या त्यात जवळचं सेशेल्स गाठावं लागतं. घोट्याएवढ्या, गुडघ्याएवढ्या पाण्यात तो वाळूत तोंड खुपसून कोळंबी, खेकडे, शिंपले शोधतो. म्हणून त्याची फ्लाय तळाशी जायला हवी, पण गळाचं टोक वाळूत किंवा प्रवाळात अडकायला नको. यावरचा तोडगा १९७० च्या दशकात बहामातल्या अँड्रॉस बेटावर जन्मलेल्या क्रेझी चार्ली या फ्लायमध्ये छान दिसतो. दांडीच्या वरच्या अंगाला धातूचे जड डोळे बांधायचे, म्हणजे पाण्यात फ्लाय उलटी होते आणि टोक वर राहतं. साखळीच्या दोन मण्यांचे डोळे असोत की शिशाचे डंबेल, सगळा खेळ ते डोळे जागच्या जागी राहण्यावर आहे. थोडे जरी फिरले तरी फ्लाय कलते, आडवी पोहते, आणि बोनफिश तिच्याकडे बघतही नाही.

आता हे डोळे अपारदर्शक. त्यांच्यावर यूव्ही रेझिन सोडलं, दिवा धरला, की वरचं कवच लगेच कडक होतं. बोटाने दाबून पाहिलं तर सगळं पक्कं वाटतं. पण डोळ्यांच्या सावलीत, दोऱ्याच्या फुलीखाली, दांडीला चिकटून जे रेझिन आहे तिथे प्रकाश गेलेलाच नाही. ते तसंच ओलं आहे. फ्लाय तळावर चारदोनदा आपटली की डोळे सैल होतात. गडद दोरा वापरला असेल तर आणखीच वाईट, कारण रंगही प्रकाश अडवतो. म्हणून माझं मत ठाम आहे: डोळ्यांखालच्या दोऱ्यात एपॉक्सी मुरवावं, किंवा घाई असेल तर फेविक्विकचा एक थेंब. फेविक्विक हवेतल्या ओलाव्याने धरतं, आणि ओलाव्याची मुंबईत कधी टंचाई नसते. यूव्ही या जागेचा गोंदच नव्हे.

शरीर ही मात्र त्याची हक्काची जागा. मोत्यासारख्या चमकणाऱ्या विणलेल्या पट्टीवर किंवा पारदर्शक नायलॉनच्या वेटोळ्यांवर यूव्हीचा पातळ थर दिला की प्रकाश आरपार जातो, थर तळापर्यंत पक्का होतो आणि खालची चमक जिवंत राहते. कोळंबीच्या पाठीचं कवचही असंच सुंदर जमतं. पूर्वी हे सगळं एपॉक्सीनेच व्हायचं. फ्लाय बांधणारे अमेरिकन कारागीर बॉब पोपोव्हिक्स यांची सर्फ कँडी ही फ्लाय म्हणजे त्या काळातलं देखणं काम. पण एपॉक्सी ओघळतं. पाच मिनिटांत धरणारं असलं तरी तोवर फ्लाय फिरवत राहावी लागते, नाहीतर थेंब एका बाजूला लोंबतो. शिवाय मे महिन्याच्या उकाड्यात त्या पाच मिनिटांची तीनच होतात, कारण उष्णतेने क्रिया वेगाने होते. यूव्हीत हवा तसा आकार येईपर्यंत सुईने सारखं करत बसा आणि मनासारखं झालं की दिवा लावा. मला यूव्ही आवडतं ते या मोकळिकीसाठी. फक्त जाड थर एकदम घालू नका, दोन पातळ थर वेगवेगळे पक्के करा.

पावसाळ्यात दोन्ही गोंद रुसतात, आणि गंमत अशी की दोन्हींचं दुखणं वरून सारखं दिसतं, पृष्ठभाग बिघडलेला. कारणं वेगळी आहेत. अमाइन हार्डनर असलेलं एपॉक्सी दमट हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरतं, त्यावर धुरकट, मेणचट साय येते. यूव्हीच्या चिकटपणाचं खापरही लोक पावसावर फोडतात, पण तिथे दोषी हवेतला ऑक्सिजन असतो. तो सगळ्यात वरच्या थरातली साखळी तोडतो. तेव्हा पंख्याखाली रात्रभर ठेवून उपयोग नाही. दिवा आणखी थोडा वेळ धरा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, चिकटपणा जातो.

दिव्याचंही पाहून घ्या. नोटा तपासायचा छोटा टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचा असतो, रेझिन धरतं पण रेंगाळत. नखांचा यूव्ही लॅम्प अनेक रेझिनना चालतो. दाताच्या दवाखान्यातला निळा दिवा साधारण ४७० नॅनोमीटरचा, तो बहुतेक यूव्ही रेझिनच्या कामाचा नाही. आणि खिडकीपाशी बसून बांधत असाल तर बाटलीचं टोपण उघडं ठेवू नका. काचेतून येणारं ऊनही तिच्या टोकाशी रेझिन गोठवायला पुरेसं असतं.

खरेदीत सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे ‘यूव्ही रेझिस्टंट’ असं छापलेल्या कलाकामाच्या बाटल्या. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास क्राफ्टचं सामान घेताना हे शब्द हमखास दिसतात. ते दोन बाटल्यांचं एपॉक्सीच असतं, उन्हाने लवकर पिवळं पडू नये म्हणून त्यात काही मिसळलेलं, एवढाच त्या शब्दांचा अर्थ. त्यावर दिवा धरून काही होत नाही, आणि हार्डनर न घालता वापरलं तर ते कधीच घट्ट होणार नाही. दोन बाटल्या दिसल्या की एपॉक्सी समजा. उलट मोबाइलच्या काचा बसवणाऱ्यांकडचा यूव्ही गोंद खरोखर प्रकाशाने धरतो, पण तो मुद्दाम लवचीक ठेवलेला असतो. फ्लायच्या डोक्याला लागतो तो टणकपणा त्याला येत नाही.

वजनाची चिंता अनेकांना असते. दोन्हींची घनता पाण्याहून थोडीच जास्त, १.१ ते १.२ च्या घरात, शिशाची ११.३. म्हणजे फ्लाय बुडते ती डोळ्यांमुळे, गोंदाने नाही. पण गोंदाचा गोळा मोठा झाला की पाण्यात पडताना आवाज होतो आणि घोटाभर पाण्यातला बोनफिश तेवढ्यानेच पळतो. थेंब लहानच ठेवा, मग तो कुठलाही असो.

हातमोज्यांच्या बाबतीत मात्र दोघांमध्ये फरक करू नका. न घट्ट झालेलं अ‍ॅक्रिलेट आणि कच्चं एपॉक्सी, दोन्हींमुळे त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की ती आयुष्यभर साथ सोडत नाही. नायट्राइलचे मोजे घाला, यूव्ही दिव्याकडे थेट पाहू नका, आणि पुसलेलं फडकं टाकण्याआधी त्यावरही एकदा दिवा धरा.