प्लॅन २०० चा, बेडरूममध्ये ४०: राउटर बदलण्याआधी हे वाचा

तुमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे, राउटरच्या खोक्यावर १२०० छापलंय आणि बेडरूममध्ये मोबाइलवर ४० दिसतात. यात कुणीच खोटं बोलत नसेल. प्लॅनचा आकडा घरापर्यंत येणाऱ्या लाइनचा, खोक्यावरचा आकडा कागदावरचा आणि मोबाइलवरचा त्या क्षणाचा, त्या जागेचा. नवा राउटर आणून यातला पहिला आकडा बदलत नाही आणि तिसराही बदलेलच असं नाही. म्हणून आधी गळती कुठे आहे ते बघू.

एक गोंधळ सुरुवातीलाच मिटवू. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, पण फाइल उतरवताना लॅपटॉप मेगाबाइट दाखवतो. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे २०० च्या प्लॅनवर सेकंदाला जास्तीत जास्त २५ एमबी. प्रत्यक्षात २३-२४ दिसले तर लाइन ठणठणीत आहे.

आणि लागतं किती? नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरेसे म्हणतं. व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी तीन-चार धरा. चार माणसांच्या घरात सगळे एकदम बसले तरी ५०-६० च्या पुढे क्वचितच जातं. कॉल अडकतो तो बहुतेक वेळा त्या खोलीत वाय-फाय पोचत नाही म्हणून. प्लॅन वाढवून त्या खोलीत फरक पडत नाही.

केबल लावून मोजा. ९४ आले तर थांबा.

लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, वाय-फाय बंद करा आणि स्पीड टेस्ट तीनदा घ्या. २०० च्या आसपास आले तर लाइन आणि राउटरची पोर्टं (केबल खोचायच्या जागा) ठीक आहेत, दुखणं वाय-फायचं आहे. पण दर वेळी ९३, ९४, ९५ असाच आकडा येत असेल तर वाटेत कुठेतरी १०० चं फाटक आहे. १०० एमबीपीएसच्या पोर्टातून प्रत्यक्षात तेवढंच बाहेर पडतं.

हे फाटक दोन ठिकाणी सापडतं. एक, राउटरची पोर्टं. स्वस्तातल्या बऱ्याच ड्युअल-बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांवर चालणाऱ्या) राउटरना वाय-फाय झकास असतं, पण पोर्टं १०० चीच. खोक्यावर 'फास्ट इथरनेट' किंवा '१०/१००' लिहिलं असेल तर तो १०० च्या वरच्या प्लॅनसाठी घेऊ नका. 'गिगाबिट' किंवा '१०/१००/१०००' हवं. लॅपटॉपचं पोर्टही तपासा, जुन्या मशीनमध्ये तेही १०० चं असतं.

दुसरं ठिकाण केबल, आणि इथे भले भले फसतात. लॅन केबलमध्ये चार जोड्या, आठ तारा. १०० एमबीपीएसला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली, दाराच्या फटीत चेपली, उंदराने कुरतडली किंवा प्लगमध्ये नीट बसली नाही, की दोन्हीकडची यंत्रं आपापसात १०० वर तडजोड करून मोकळी होतात. लाइट लागतो, नेट चालतं, त्यामुळे केबलवर कुणाचा संशय जात नाही. कधी कधी वायरमनने एकाच केबलच्या दोन जोड्या नेटला आणि उरलेल्या दोन इंटरकॉमला दिलेल्या असतात, परिणाम तोच. विंडोजमध्ये सेटिंग्जमधून नेटवर्क, मग इथरनेट उघडा. लिंक स्पीड १००/१०० दिसला तर आधी केबल बदलून बघा.

प्लग स्वतः तपासायचा असेल तर क्लिप खाली आणि केबल आपल्याकडे असा धरा. डावीकडून क्रम असा दिसतो: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. निळी जोडी हिरव्या जोडीच्या मधोमध येते, ती चूक नव्हे. नवी केबल कॅट५ई किंवा कॅट६ घ्या, मात्र शुद्ध तांब्याची. तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरट निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. भिंतीतल्या पाइपातून अशी केबल ओढू नका. ती वळणावर तुटते आणि पुन्हा काढताना दमछाक होते.

खोक्यावरचा १२०० कुठून येतो

'एसी' आणि 'एएक्स' ही वाय-फायच्या पिढ्यांची नावं, वाय-फाय ५ आणि ६. एसी१२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७, यांची गोळाबेरीज. एएक्स१५०० म्हणजे ३०० आणि १२०१. एएक्स३००० म्हणजे ५७४ आणि २४०२. तुमचा मोबाइल साधारणपणे एका वेळी एकाच बँडवर असतो, त्यामुळे बेरीज कामाची नाही. शिवाय हा हवेतला कमाल वेग. पोचपावत्या, वाट पाहणं, पुन्हा पाठवणं यात बराच खर्च होतो आणि हाती निम्मा किंवा थोडा जास्त लागतो. २४०२ मिळायला १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल लागतो. बहुतेक मोबाइल ८० वरच चालतात, म्हणजे त्यांना १२०१ चाच दरवाजा. २०० च्या प्लॅनसाठी एएक्स३००० वर जादा पैसे घालावेत असं आम्हाला वाटत नाही. वाय-फाय ७ चा तर विचारही नको.

बेडरूममधले ४० बहुधा २.४ गिगाहर्ट्झचे असतात. या बँडची रेंज लांब, पण एकमेकांच्या पायात न येणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. सोसायटीत वीस-पंचवीस घरांची नावं दिसतात, ती सगळी या तिघांत कोंबलेली. ३ किंवा ४ रिकामा दिसतो म्हणून तो निवडू नका, १ आणि ६ वाले दोघेही त्रास देतील. रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात गुरगुरतो, म्हणून राउटर स्वयंपाकघरात नको.

५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने या बँडचा मोठा भाग परवान्याशिवाय वापरायला मोकळा केला. ३६ किंवा १४९ या चॅनलपासून सुरुवात करा. ५२ ते १४४ मधला चॅनल लावला तर राउटर आधी रडारची चाहूल घेतो, म्हणून वीज आल्यावर ५ गिगाहर्ट्झचं नाव मिनिटभर उशिरा दिसतं. बिघाड नाही तो.

जागा

५ गिगाहर्ट्झ चार इंची विटेच्या एका भिंतीतून बरा जातो. दोन भिंती आणि मध्ये आरसीसीचा कॉलम आला की बसतो. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, पाण्याची टाकी, टाइल्स आणि पाइपांनी भरलेलं बाथरूम, यांच्याआडून काही अपेक्षा ठेवू नका. कोकणात आणि गोव्यात जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती असतात, तिथे तर खोलीगणिक केबल टाकायचाच विचार करा.

फायबरचा डबा (कंपनीची फायबर लाइन ज्यात येऊन संपते ते यंत्र) बहुतेक घरांत मुख्य दाराजवळ किंवा टीव्हीच्या मागे लागतो, कारण लाइन तिथून आत येते. वाय-फायसाठी ही सगळ्यात वाईट जागा. फायबर लांबवायच्या फंदात पडू नका. डबा तिथेच ठेवा, त्यातून लॅन केबल घराच्या मध्यावर आणा आणि राउटर तिथे पाच-सहा फूट उंचीवर, कशाच्या आड न ठेवता लावा. लॅन केबल १०० मीटरपर्यंत वेग न गमावता चालते. जास्तीचं फायबर वाटीएवढ्या वेटोळ्यात ठेवा. खिळ्यावर घट्ट गुंडाळलं की आतला प्रकाश गळतो.

आपला राउटर डब्याच्या पुढे जोडताना तो 'अॅक्सेस पॉइंट' मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वाय-फाय देतो. नाहीतर दोन्ही यंत्रं स्वतःला घरधनी समजतात. दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१ असला तर नेट येतच नाही, आणि वेगळा असला तरी कॅमेरे आणि गेम बाहेरून नीट जोडले जात नाहीत.

रिपीटर (राउटरचं वाय-फाय पकडून पुढे पाठवणारं यंत्र) रेंज संपते तिथे लावू नका, अर्ध्या वाटेवर लावा. जिथे राउटरचाच सिग्नल मरतो तिथे रिपीटर तरी काय पुढे देणार? एकाच रेडिओवरून घेणं आणि देणं करणाऱ्या रिपीटरचा वेग निम्मा होतो. तीन बेडरूमचं घर किंवा डुप्लेक्स असेल तर केबलने जोडलेला दुसरा अॅक्सेस पॉइंट लावा, नाव आणि पासवर्ड तेच ठेवून. एक-दोन बेडरूमच्या घराला गिगाबिट पोर्टांचा एक एएक्स१५०० भरपूर झाला. कंपनीने दिलेला डबाच ड्युअल-बँड आणि गिगाबिट असेल तर काहीच घेऊ नका, फक्त जागा बदलून बघा.

स्मार्ट बल्ब, प्लग आणि स्वस्त कॅमेरे बहुधा फक्त २.४ वर चालतात. जोडणी अडली तर त्या बँडला तात्पुरतं वेगळं नाव द्या आणि राउटरच्या सेटिंगमध्ये वाय-फायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ वर ठेवा.

वीज गेल्यावर नेट चालू हवं तर मिनी यूपीएस घ्या, पण अॅडॉप्टरवरचे व्होल्ट वाचून. बरेच डबे १२ व्होल्टचे, काही राउटर ९ चे. नऊवाल्याला बारा दिले तर तो जळू शकतो. आणि फायबरच्या डब्यालाही बॅकअप द्या. नुसता राउटर चालू राहिला तर वाय-फाय दिसेल, नेट नसेल.

तक्रारीचा फोन करताना

डब्यावर 'एलओएस'चा (फायबरचा सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला असेल तर तेवढंच सांगा. ते काम फायबरचं आहे, डबा दहादा बंद-चालू करून उपयोग नाही. दिवे ठीक असतील तर केबलवरचे तीन आकडे, राउटरपासून दोन मीटरवर ५ गिगाहर्ट्झवरचा एक आकडा आणि अडचणीच्या खोलीतला एक, असे पाच आकडे वेळेसकट लिहून ठेवा. प्लॅनची मासिक डेटा मर्यादा संपली नाही ना, तेही अॅपमध्ये बघा. ती ओलांडली की वेग आपोआप उतरतो. एवढं हाताशी असलं तर माणूस येताना लाइनची हत्यारं आणायची की केबलची, हे तक्रार घेणाऱ्या आम्हाला फोनवरच कळतं.